मुक्या वाद्याच्या शोधात

बेळगावच्या माणसाला गोवे परके नाही. कुलदैवताच्या दर्शनाला, लग्नकार्याला, नाही तर केवळ मासे खावयास म्हणून आम्हीही आजवर वीस-पंचवीस वेळा घाट उतरलो असू. परंतु गेल्या श्रावणात दोन दिवसांची किरकोळ रजा टाकून जो प्रवास घडला, त्याचे कारण सांगताना शाळेच्या लिपिकापुढे आमची जीभ थोडी अडखळली. एक वाद्य विकत घ्यावे की घेऊ नये, हे ठरवावयास आम्ही निघालो होतो. आणि त्या वाद्याला स्वतःचा आवाजच नव्हता.

हकीकत अशी. आमची धाकटी कन्या बी. कॉम. झाली. लहानपणी सहा-सात वर्षे तबला शिकली होती. पुढे बँकेच्या परीक्षेला बसली आणि थोडक्यात राहिली. पुन्हा बसावे म्हणून शिकवणी वर्गाच्या फीचे १८,००० रुपये आम्ही बाजूला काढून ठेवले. त्याच सुमारास गावातील एका हौशी नाट्यसंस्थेच्या एकांकिकेला तिने पार्श्वसंगीत दिले. त्याचे ३,००० रुपये हाती आले, आणि एका रात्री जेवताना ती शांतपणे म्हणाली, "बाबा, क्लासची फी भरू नका. त्या पैशांत मला पॅड कंट्रोलर घेऊन द्या." सौभाग्यवतींच्या हातातील आमटीची पळी तशीच अधांतरी राहिली.

हे प्रकरण काय ते वाचकांस सांगितले पाहिजे, कारण आम्हांलाही ते दोनदा समजून घ्यावे लागले. जाडजूड वहीएवढी पेटी. तीवर रबराच्या सोळा चौकोनी गाद्या, चार ओळींत चार-चार. त्यांवर बोटांनी आघात केला म्हणजे पेटीत ध्वनी निर्माण होत नाही. कोणती गादी ठोकली आणि किती जोराने, एवढा निरोप तारेतून संगणकाकडे जातो, आणि संगणकात साठवलेला ढोल, टाळी वा अन्य कोणताही आवाज तेथून निघतो. लग्नातील वाद्यवृंदात काठ्यांनी वाजवतात तो ऑक्टापॅड आपण पाहतो. त्याच्या पोटात आवाज असतात. याच्या पोटात काही नाही. वर्गात बाके बडवणाऱ्या मुलांना अठ्ठावीस वर्षे आम्ही बाहेर उभे केले. आता घरच्या मुलीस बडवावयाचे बाक विकत घेऊन द्यावयाचे होते!

वस्तू घरबसल्या मागवता येते, हे आम्हांसही ठाऊक आहे. पण कन्येचे म्हणणे, हाताला लावल्याखेरीज घ्यायची नाही. हे मात्र आम्हांस मनापासून पटले. मडके घेतानासुद्धा माणूस वाजवून घेतो. मडगाव व पणजी येथे पाश्चात्त्य वाद्यांची दुकाने आहेत, आणि म्हार्दोळास आमचे एक जुने स्नेही राहतात. तेव्हा दोन्ही साधेल, असा विचार करून आम्ही सकाळच्या गाडीत बसलो.

खानापूर सुटले की झाडी दाट होऊ लागते. लोंढ्यानंतर कॅसलरॉक, आणि तेथून ब्रागांझा घाट. दर ३७ फुटांस १ फूट असा येथला उतार; चढत्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. आमच्या लहानपणी येथून मीटरगेजची गाडी जाई, तेव्हा रुळांच्या सांध्यांवर चाकांचा जो ठेका धरला जाई त्यावर आम्ही पाढे म्हणत असू. आता रूळ लांबच लांब सलग जोडलेले, त्यामुळे तो ठेका बराच मावळला आहे. दूधसागर दिसताच सारा डबा एका बाजूस लोटला. पाणी इतके होते की खडक दिसतच नव्हता. तुषार खिडकीतून आत आले आणि आमचा चष्मा आंधळा झाला.

बोगद्यांच्या अंधारात कन्येने आम्हांस या यंत्राची वंशावळ सांगितली. रॉजर लिन नामक अमेरिकन गृहस्थाने १९८० मध्ये एक तालयंत्र काढले. खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारे ते पहिले. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून 'मिडी' नावाची सामाईक भाषा ठरली. पुढे लिनसाहेबांची कंपनी बंद पडली, आणि १९८८ मध्ये जपानच्या अकाई कंपनीसाठी त्यांनी सोळा गाद्यांचे यंत्र घडवले. त्यावर बोटे चालवून एका संपूर्ण पिढीने अमेरिकेतील रॅप-संगीत रचले. "सोळाच का? त्रितालाच्या मात्रा?" आम्ही उत्साहाने विचारले. "चार चोक सोळा, बाबा. दोन हातांच्या टप्प्यात बसतात म्हणून," ती म्हणाली. आमचा उत्साह बोगद्यातच राहिला.

मडगावच्या दुकानात काचेआड गिटारी टांगलेल्या, कोपऱ्यात पियानो, आणि एका टेबलावर आमच्या यात्रेचे दैवत. विक्रेता तरुण होता, बोलण्यात गोड. त्याने प्रथम संगणकाविना चालणारे स्वयंपूर्ण यंत्र दाखवले. किंमत ऐकून आम्ही पियानोकडे पाहू लागलो. मग चौसष्ट दिव्यांचे एक दाखवले. ते लखलखले, आम्हांस आवडलेही. कन्येने ते बाजूस सारले. ते आधी बांधलेले तुकडे सुरू-बंद करण्यासाठी. त्या स्वस्त नमुन्यात बोट हळू लागले की जोराने, हे कळतच नाही, असे तिचे मत. शेवटी साधे सोळा गाद्यांचे समोर आले. मिडीच्या भाषेत आघाताचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांनी सांगतात. तिने प्रत्येक गादी करंगळीने, मग तर्जनीने, मग दोन बोटांनी ठोकून पडद्यावरील आकडे पाहिले. एक गादी हलक्या बोटाला उत्तर देईना. "ही बहिरी आहे," ती म्हणाली आणि उठली. आम्हांस खरे तर आनंद झाला. खरेदी टळली, फी वाचली! जे आवाज ऐकले तेही पत्र्याच्या डब्यासारखे वाटले होते.

मडगावहून फोंड्यामार्गे म्हार्दोळास पोहोचेतो संध्याकाळ झाली. म्हाळसेच्या देवळातील ती उंच पितळी समई पाहून आम्ही स्नेह्यांच्या घरी गेलो. चतुर्थी तोंडावर आलेली. ओसरीवर घुमटे काढून ठेवली होती.

बेळगावकडील वाचकांनी घुमट पाहिले असेलच. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांसाठी सांगतो. मातीचे मडके, पण दोन्ही बाजूंनी उघडे. मोठ्या तोंडावर चामडे, धाकटे तोंड मोकळे. उजव्या हाताने चामड्यावर वाजवावयाचे आणि डाव्या तळव्याने धाकटे तोंड कमी-अधिक झाकीत राहावयाचे. त्यासरशी आतील हवा घुमते, आवाज वर चढतो, खाली उतरतो. सोबत शामेळ आणि कासाळे. पूर्वी चामडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बेकायदा ठरले. आता बकऱ्याचे लावतात. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला.

स्नेह्यांचे थोरले बंधू अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी एक घुमट उचलले, दोन बोटे मारली आणि मान हलवली. पावसाळी हवेने चामडे सैल पडले होते. "थंड जालां, बाये. मातशें शेकुंया," असे म्हणून त्यांनी ते निखाऱ्यांवर धरले. मग जो नाद उठला, त्याने कन्येचा चेहराच पालटला. तिने भ्रमणध्वनी पुढे ठेवून विचारले, "आजोबा, नुसता एकेक बोल वाजवाल का? सुटा?"

आणि मग ते सुरू झाले. एक बोल उघड्या तोंडाने. तोच हलका, मध्यम, जोरात. मग तोंड झाकून. मग कडेवर. कन्या कानाला यंत्र लावून ऐके आणि म्हणे, "पंख्याची घरघर आली." पंखा बंद झाला. पागोळ्यांचा आवाज आला म्हणून घुमटासह सर्वांची वरात माजघरात गेली. शेजारच्या कुकरची शिटी झाली, पुन्हा पहिल्यापासून. वृद्ध गृहस्थ कंटाळतील म्हणून आम्ही दोनदा मध्ये पडलो. दोन्ही वेळा त्यांनीच आम्हांस गप्प बसवले. विश्रांतीत त्यांनी खाप्रूमामा पर्वतकरांच्या गोष्टी सांगितल्या. हे गोमंतकीय लयब्रह्मभास्कर दोन हातांनी दोन ताल, पायांनी निराळेच ताल एकाच वेळी धरीत, असे जुने लोक सांगतात. "आणि आता यंत्र धरतले," म्हणून ते हसले. हसण्यात कडवटपणा नव्हता.

सोळा बोलांना तीन तास लागले. घामाने तिची ओढणी भिजली होती. बँकेच्या परीक्षेची पुस्तके पुढे घेऊन तिला असे बसलेले आम्ही कधीही पाहिले नव्हते. त्या रात्री आम्हांस उशिरापर्यंत झोप आली नाही. नोकरीची शाश्वती आम्ही स्वतः उपभोगली आहे; तिची किंमत आम्ही जाणतो. नाटकाच्या पार्श्वसंगीतावर कोणाचे घर चालल्याचे आमच्या माहितीत नाही. पण मुलगी काय करू शकते हे मुख्याध्यापकाने न पाहिल्यासारखे करावे, हेही जमेना.

दुसऱ्या दिवशी पणजी. १८ जून रस्त्यावरून आत वळल्यावर एका लहानशा दुकानात तेच सोळा गाद्यांचे यंत्र होते. येथे सर्व गाद्या ऐकणाऱ्या निघाल्या. कन्येने पिशवीतून आपला जुना लॅपटॉप काढला, रात्री चढवलेले बोल एकेका गादीवर बसवले आणि ठोकले. घुमट वाजले, पण किंचित उशिरा. विक्रेत्याने समजावले: संगणक आवाज घोटाघोटाने देतो, घोट मोठा असला की विलंब होतो, लहान केला की जुन्या संगणकाची दमछाक होऊन आवाज तडकतो. किती विलंब चालेल, असे आम्ही विचारले. दहा मिलिसेकंदांपर्यंत सहसा खटकत नाही, असे तो म्हणाला. आम्ही मनात हिशेब केला: तेवढ्यात ध्वनी हवेतून साडेतीन मीटर जातो, म्हणजे आमच्या टेबलापासून तिसऱ्या-चौथ्या बाकापर्यंत. तेथल्या मुलांना आमचे बोलणे उशिरा ऐकू येते अशी तक्रार अद्याप आलेली नाही. घोट लहान-मोठा करीत अर्ध्या तासाने दोघांनी सुवर्णमध्य काढला. उघडा बोल वाजत असता झाकलेला ठोकला की पहिला तत्काळ तुटावा, अशी जोडणीही झाली. आता ते पत्र्याचे डबे नव्हते. कालचे माजघर होते.

"आणि ते मधले?" आम्ही विचारले. "तळवा सरकवताना आवाज वर जात होता, ते?"

"ते येत नाही, बाबा. एक बटण फिरवून थोडंसं येतं, पण खोटं वाटतं. त्याला आजोबाच लागतील. एकांकिकेत ते लागलं तर मी त्यांनाच बोलावीन."

विक्रेता खाली पाहू लागला. असा ग्राहक त्याला नवा असावा. आम्ही पाकीट काढले. ११,५०० रुपये झाले. उरलेले ६,५०० आम्ही वेगळ्या खिशात ठेवले, आणि त्यांविषयी घरी काय सांगावे याचा विचार चोर्ला घाटावर सोडून दिला.

परतीची बस साखळीवरून घाटाला लागली तेव्हा धुके एवढे दाटले की चालक दिवे लावून चालवीत होता. टपातून पाणी गळू लागले. कन्येने आमची छत्री मागून घेतली ती स्वतःसाठी नव्हे. खोक्यावर उघडून धरली. आम्ही कणकुंबीपर्यंत भिजलो.

घरी पोहोचताच सौभाग्यवतींनी खोके निरखले, यंत्र बाहेर काढवले आणि एका गादीवर बोट मारले. काही नाही. दुसरीवर मारले. काही नाही.

"साडेअकरा हजारांचं मुकं आणलंत?"

"आई, संगणक सुरू तर होऊ दे!"

तो सुरू व्हावयास नेहमीप्रमाणे पाच मिनिटे लागली. तेवढ्यात चहा झाला. कपबशी हातात घेऊन त्या खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या, आणि म्हार्दोळच्या माजघरातील पहिला बोल आमच्या स्वयंपाकघरात घुमला. "पंखा बंद करा," त्या म्हणाल्या, "नीट ऐकू येत नाही."