गार्ड का निघतो

चार इंची ग्राइंडरच्या गार्डकडे पाहिले की त्या जागेतली सुरक्षा किती मुरलेली आहे, हे लगेच कळते. हे यंत्र मिनिटाला साधारण 11 हजार फेरे घेते आणि त्याच्या मापाच्या चकतीची कड सेकंदाला सुमारे 58 मीटर वेगाने धावते. गार्ड काढून यंत्रावर सात इंची चकती चढवली की हाच वेग 100 मीटरच्या पुढे जातो. बहुतेक कटिंग चकत्यांची मर्यादा 80 मीटरची असते. चकती फुटली तर तुकडा कारागिराच्या चेहऱ्यात किंवा मांडीत घुसतो.

सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यासारख्या दाट वस्तीत ग्रील, शटर, जिन्याचे कठडे करणाऱ्या गाळ्यात मोठी चकती चढते, त्याला कारण असते. जाड लोखंड लहान चकतीने कापले जात नाही, मोठे कटर मशीन घेतलेले नसते आणि मजुरी नगावर ठरलेली असते. अशा वेळी कारागिराला बेफिकीर ठरवणे अन्यायाचे आहे. गार्ड निघाला की तो का काढावा लागला, हा प्रश्न आधी मालकाने स्वतःला विचारायला हवा.

कायद्याने यंत्रांच्या सुरक्षेचा प्रश्न फार पूर्वी हाती घेतला. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्यात धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती, पण तो शंभर कामगारांच्या कारखान्यांपुरताच होता. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या निवेदनात आठवड्याच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. पुढे कामगारसंख्येची अट 1891 मध्ये पन्नासवर, 1922 मध्ये वीसवर आणि 1948 मध्ये, वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी, दहावर आली. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेने ती पुन्हा वीस केली. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे कार्यालय आहे. वाकोल्याहून ते दूर नाही, पण सहा-सात माणसांचा गाळा कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. तिथे सुरक्षा मालकाच्या आणि मिस्त्रीच्या वागण्यावरच उभी राहते.

मोठ्या कंपनीत कायदा असतो, तरी तेवढ्याने भागत नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर, कारखाना कायद्याच्या 1987 च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. धोका समोर दिसत असेल तर व्यवस्थापनाबरोबरच थेट निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हा हक्क वापरणाऱ्याची दुसऱ्या दिवशी रात्रपाळीत बदली झाली, तर समितीच्या बैठका नियमाने होत राहतात आणि बोलायचे मात्र सगळे बंद होतात. ठेकेदाराच्या माणसांना तर अनेकदा समितीत जागाच नसते, आणि टाकीत उतरण्याचे, उंचावर चढण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येते.

म्हणून थोडक्यात टळलेल्या अपघाताची, म्हणजे नियर मिसची, नोंद सर्वांत मोलाची. पाना वरून पडला आणि कोणाला लागला नाही, हे जिथे फोरमनला त्याच दिवशी कळते तिथे पुढचा पाना बांधलेला असतो. अपघाताविना गेलेल्या दिवसांचे फलक लावून त्यावर बक्षीस ठेवण्याची पद्धत घातक आहे. बोट चेचलेला माणूस मग बक्षिसासाठी पट्टी लपवतो. त्याऐवजी धोका दाखवून काम थांबवणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, हे आधीच सांगावे आणि पहिल्याच प्रसंगी पाळावे. ऑर्डर उशिरा गेली तरी पाळावे. कामगार मालकाचा शब्द त्याच दिवशी जोखतात.

सुरक्षेची साधने त्यानंतर येतात, आणि तीही समजून द्यावी लागतात. वेल्डिंगला हातमोजे हवेतच, पण ड्रिल मशीनवर तेच मोजे फिरत्या बिटात अडकून हात ओढून नेतात. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली यंत्रात हात घालणाऱ्याच्याच खिशात असावी. गावाहून नव्याने आलेल्या हेल्परला हे त्याच्या भाषेत सांगावे, करून दाखवावे, मग त्याच्याकडून करून घ्यावे. तोवर त्याच्या हाती ग्राइंडर देऊ नये.