ऐयाराचा बटवा, आज्याची काठी

दोस्तहो, सरळच सांगतो. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा मजा आली. पाचोरा-जामनेर छोटी गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. त्याआधी पहूरहून पाचोऱ्याला जाताना ती रमतगमत चालायची अन् माझी पानं पळायची. एकदा चळवळीतल्या एका पोरानं हटकलं, “काय वाचून ऱ्हायला भो? राजे, राजकन्या अन् त्यांचे हेर! आपल्या काय कामाचं?”

कामाचं नाही, म्हणून तर वाचतो.

१८८८ ची ही हिंदी कादंबरी. खत्रींनी काशीकडच्या चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका घेतलेला. तिथले पडके किल्ले पाहून त्यांना गोष्ट सुचली. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची चंद्रकांता, अन् मध्ये आडवा दिवाणाचा पोरगा क्रूरसिंह. नावातच क्रूर, ओळखायची कटकट नाही! पण खरी गोष्ट ऐयारांची. ऐयार म्हणजे हेर अन् बहुरूपी एकातच. कमरेला बटवा. बेहोशीची पूड हुंगवायची, गडी आडवा झाला की गाठोड्यात बांधून पाठीवर टाकायचा अन् पसार. पुढं लखलखा हुंगवून जागा करायचा. चपला ही बाई ऐयार गड्यांना पुरून उरते, अन् तेजसिंह ऐयाराचा जीव तिच्यावर. ऐयारानं ऐयाराला मारायचं नाही, फार तर कैद करायचं, असा त्यांचा रिवाज.

दिवसभर मोर्चा, निवेदनं अन् कचेरीच्या पायऱ्या झिजवून आलेल्या माणसानं रात्री तासभर हसू नये, हा नियम कुणी केला? मनूलाही इतका बारीक सुचला नसेल. आमच्या वाट्याला फक्त हुंदक्याची पुस्तकं, हीसुद्धा एक वाटणीच झाली की.

मात्र हसता हसता मी एका जागी थांबतो. ऐयाराचं सोंग उघडं पडलं तर कोठडी, अन् पुढच्या प्रकरणात सुटका. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधल्या माणसाचं सोंग उघडं पडतं तेव्हा मार पडतो. शहरात खोली शोधताना मलाही चहाच्या कपाबरोबर सवाल आलाय, “तुम्ही कोणते?” तिथं कुठला बटवा?

अन् खबर पोचवणं तर आमच्याच घरचं काम. माझा आजा महारकीत रात्रीबेरात्री सांगावा घेऊन पायी जायचा. मयताची खबर, सरकारी टपाल. साऱ्या पायवाटा त्याला पाठ. ऐयाराला राजाचं इनाम, आज्याला शिळा तुकडा. ही वेठ मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. महारकी गेली, लई बरं झालं. पण काठी आपटत अंधार कापणारी ती चाल, गावाची सारी गुपितं ठाऊक असलेलं ते डोकं, ते कादंबरीत यायला नको का?

तर पोरांनो, लिहा. वेदना त्यात येईलच, तिला बोलवावं लागत नाही. पण आपलीही एक चपला असू द्या, पाटलाच्या वाड्यातून खोटा दस्त उडवून आणणारी. तिचं प्रेमही जमू द्या.

अन् शेवटच्या पानावर पाटील गाठोड्यात!