कासवाच्या मागे उभं राहून

मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं म्हटलं की मी आधी बाकं भिंतीला लावते. मोकळी जमीन लागते. चार मुलांत एक फोन. कॅमेऱ्यातून पाहिलं की फरशीवर एक कासव दिसतं. मुलांनी छापील पत्ते ओळीनं मांडायचे : ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’, ‘पुन्हा कर’. फोन ते वाचतो आणि कासव त्या हुकमानं चालू लागतं. जमीन खरी, पत्ते खरे, कासव तेवढं आभासी. म्हणून हा मिश्र वास्तवाचा खेळ.

हे कासव तसं जुनं आहे. १९६७ साली अमेरिकेत वॉली फर्झिग, सिंथिया सॉलोमन आणि सेमूर पॅपर्ट प्रभृतींनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. पुढे तिच्या आज्ञेवर जमिनीवर फिरून पेनानं रेघ ओढणारं यंत्र-कासव आलं. मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवतं आणि आपल्या अंगाच्या हालचालीतून भूमितीत शिरतं, असं पॅपर्टनी १९८०च्या ‘माइंडस्टॉर्म्स’मध्ये मांडलं. नंतर कासव पडद्यावर गेलं. फोननं ते पुन्हा जमिनीवर आणलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कारण खरी अडचण उजव्या-डाव्याची असते. कासवाचं तोंड आपल्याकडे असलं की त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं. मूल आपल्या उजव्याचा पत्ता लावतं आणि कासव भलतीकडे जातं. सपाट पडद्यासमोर मूल मान वाकडी करत बसतं. इथे ते उठतं, वळसा घालून कासवाच्या मागे जाऊन उभं राहतं आणि म्हणतं, ‘‘अरे, त्याचं उजवं इकडे आहे!’’ आज्ञा ज्याला द्यायची त्याच्या जागेवरून विचार करणं, हा प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा. तो फळ्यावर लिहून कळत नाही, पायांनी कळतो.

त्रिकोणाचंही तसंच. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे मुलांना पाठ असतं. म्हणून ती प्रत्येक कोपऱ्यावर ६० अंशांचं वळण देतात. त्रिकोण बनतच नाही. षटकोनाच्या तीन बाजू तयार होऊन आकृती उघडी राहते. अशा वेळी मी उत्तर सांगत नाही. खडूनं त्रिकोण आखते आणि त्यावरून चालायला लावते. कोपऱ्यावर पोचलेलं मूल स्वतः वळतं, तेव्हा आपण १२० अंश वळलो हे त्याला दिसतं. तीन वळणं, ३६० अंश, तोंड पुन्हा पहिल्या दिशेला. मग चौरसाची चार नव्वदं कोणी सांगावी लागत नाहीत, आणि ‘पुन्हा कर’चा पत्ता कशासाठी, तेही आपोआप उमगतं.

फोनचीही एक गरज असते. कॅमेऱ्यात दिसणारे ठिपके, कडा आणि फोनच्या आतले हालचाल टिपणारे संवेदक यांची सांगड घालून तो जमीन ओळखतो. गुळगुळीत, एकरंगी चकचकीत फरशीवर त्याला धरायला काही मिळत नाही आणि कासव घसरत जातं. नक्षीची सतरंजी अंथरली की ते एका जागी ठरतं. फोन मात्र एकाच्या हाती राहू देऊ नये. एकानं फोन धरायचा, दुसऱ्यानं पत्ते लावायचे, तिसऱ्यानं कासव होऊन चालायचं, चौथ्यानं चूक शोधायची; मग पाळी बदलायची. चूक शोधणाऱ्याची जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण चुकलेला पत्ता नेमका कोणता हे हुडकणं हेच या कामाचं मर्म आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणायचं ठरवलं आहे. शिक्षकांना आणि पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे : प्रत्येक मुलाला वेगळा फोन देण्याची घाई करू नका. आधी त्याला चालायला मोकळी जमीन द्या, आणि त्याची चूक त्याची त्यालाच सापडेपर्यंत थांबा.