सासूबाईंचा आवाज

"मावशी, मूळ फाइली पुसल्या नाहीस ना तू?"

पुण्याहून भाच्यानं फोनवर विचारलं आणि तिच्या पोटात गोळाच आला. समोर लॅपटॉपच्या पडद्यावर निरोप झळकत होता, की चित्रफिती सापडत नाहीत. तीन आठवडे खपून जुळवलेल्या कामाच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी! आणि त्या फिती पुन्हा घ्यायची सोय आता उरली नव्हती.

ती मूळची सांगलीची. लग्न होऊन तिरुवैयारुला आली, त्याला पंचवीस वर्षं झाली. तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीकाठचं हे गाव. सासर तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात राज्य उभं केलं, त्या काळात आणि त्यानंतर इकडे आलेल्या घराण्यांपैकी एक. राज्य १८५५ मध्ये खालसा झालं, पण घरातली मराठी राहिली. सुरुवातीला तिला सासूबाईंचं बोलणं निम्मंच कळायचं. मराठीच, पण हेल तमिळ आणि मधूनच सांगलीत कधी न ऐकलेले शब्द. पुढं त्याच बोलण्याचा तिला लळा लागला. मुलं मात्र आजीला तमिळमध्येच उत्तरं द्यायची.

गेल्या वर्षी पौष महिन्यात, त्यागराज आराधनेच्या आधी, तिनं सासूबाईंना तीन संध्याकाळी ओसरीवर बसवून बोलतं केलं. लहानपणची आराधना कशी असायची, पंचरत्न कीर्तनं कुणाकडून शिकल्या, घरात कोणता सण कसा व्हायचा. समोरून मुलानं फोनवर चित्रण केलं. ओसरीवरच्या पंख्याची घरघर फार, म्हणून दुसरा फोन सासूबाईंच्या मांडीवर ठेवून आवाज वेगळा घेतला. दोन महिन्यांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली.

आता ऐंशीव्या वाढदिवसाला चेन्नई-पुण्याची नातवंडं जमणार होती. त्यांना अर्ध्या तासाची फिल्म दाखवायची, असं तिनं ठरवलं. आधी फोनवरचं एक ॲप वापरून पाहिलं. चित्रावर कोपऱ्यात त्यांचं नाव उमटायचं, ते काढायचं तर महिन्याला पैसे. पैशांचं एवढं नाही, पण वर्गणी थांबली की अर्धवट काम उघडेल की नाही, हे काही तिला कळेना.

घरात मुलाचा जुना लॅपटॉप होता. तमिळनाडू सरकारनं २०११ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटायला सुरुवात केली, त्या योजनेतला. त्यावर विंडोजबरोबर सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं घडवलेलं 'बॉस' लिनक्सही असायचं. मुलानं पुढं त्यावर लिनक्स मिंट घातलं होतं. त्यावर चालेल, फुकट असेल आणि आपल्याला झेपेल असं काय आहे, हा तिचा साधा प्रश्न.

भाच्यानं तीन नावं सांगितली. तिन्ही फुकट आणि तिन्हींचा मूळ आराखडाही सगळ्यांसाठी खुला. पहिलं ओपनशॉट. कधी हातच लावला नसेल त्यानं इथून सुरुवात करावी. चार तुकडे जोडायचे, नाव घालायचं, मागं गाणं लावायचं, एवढ्याला ते पुरेसं. दुसरं शॉटकट. फोनवरच्या फितींचा वेग मधेच कमी-जास्त होतो, आवाज आणि ओठ जुळेनासे होतात. अशी फीत उघडली की शॉटकट स्वतःच ती संपादनाला सोयीची करून घेऊ का, असं विचारतं. तिसरं केडेनलाइव्ह, २००२ पासून स्वयंसेवकांनी वाढवत आणलेलं. दिसायला बटणं जास्त, पण लांबलचक कामाला बरं.

"सोपं कोणतं, ते सांग ना!" ती म्हणाली.

"मावशी, तुझं सगळ्यांत अवघड काम कोणतं? ते जे सोपं करील, तेच तुला सोपं."

तिचं अवघड काम होतं आवाज. चित्र एका फोनवर, चांगला आवाज दुसऱ्यावर. ओपनशॉटवर तिनं दोन दिवस हात बसवला, कापणं-जोडणं शिकली आणि मग केडेनलाइव्हकडे वळली. तिथं एक आवाज आधार म्हणून ठरवला की दुसरा आपोआप त्याच्याशी जुळवून घेता येतो. लॅपटॉप जुना, म्हणून फितींच्या हलक्या तात्पुरत्या प्रती करून त्यांवर काम करायचं. शेवटी फिल्म तयार होते ती मूळ फितींवरूनच. पंख्याची घरघर मागं सरली आणि सासूबाईंचा आवाज ओसरीवर बसल्यासारखा स्वच्छ ऐकू आला. त्या रात्री ती एकटीच कितीतरी वेळ तो ऐकत बसली.

आणि मग तो रिकाम्या चौकटींचा दिवस. फोनमध्ये जागा हवी म्हणून तिथल्या फिती तिनं पुसल्या होत्या. लॅपटॉपवरच्या नीट लावाव्यात म्हणून 'आई' नावाच्या नव्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या. भाच्यानं समजावलं, की प्रकल्पाच्या फाइलीत चित्र नसतंच. कोणती फीत कुठं आहे, कुठं कापायची, एवढीच टिपणं असतात. फीत हलली की पत्ता चुकतो. तिनं नवा फोल्डर दाखवून दिला आणि एकेक चौकट भरत गेली. हलवल्याऐवजी पुसल्या असत्या, तर?

"ती टिपणं साध्या मजकुरात असतात. उद्या केडेनलाइव्ह नसलं, तरी कुणालाही उघडून वाचता येतील," भाचा म्हणाला.

ते ऐकून तिला माळ्यावरची ट्रंक आठवली. त्यात लाल फडक्यात सासऱ्यांच्या आजोबांचे मोडी कागद होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. या घरातलं बोचकंही जिवापाड जपलेलं, पण वाचणारं घरात कुणी नव्हतं. नुसतं जपून भागत नाही, पुढच्याला उघडता यायला हवं.

वाढदिवसाला फिल्म लावली. सासूबाईंनी स्वतःचा आवाज ऐकला. उजवा हात मांडीवर निपचित होता, डावा हळूहळू ताल धरू लागला. धाकटी नात आजीला बिलगून बसली होती. पडद्यावरच्या एका शब्दाशी अडली आणि आईकडे वळून तिनं चक्क मराठीत विचारलं, "म्हणजे काय गं?"

पाहुणे गेल्यावर तिनं मूळ फिती, वेगळा आवाज आणि प्रकल्पाची फाइल यांच्या तीन प्रती केल्या. एक लॅपटॉपवर, एक पुण्याला भाच्याकडे, एक पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हबरोबर एक कागद ठेवला. बोलतंय कोण, कधीचं, कोणत्या प्रोग्रॅमनं उघडायचं, हे सगळं त्यावर मराठीत आणि खाली तमिळमध्ये लिहिलं. मग ते दोन्ही तिनं माळ्यावरच्या ट्रंकेत, त्या लाल फडक्याशेजारी नीट ठेवून दिलं.