मामांचे दोन स्पीकर

स्पीकरांचे शौकीन ही माणसांची एक निराळीच जात आहे. इतर लोक गाणे ऐकतात. हे लोक गाणे ज्यातून येते ती पेटी ऐकतात. आमचे मामा या जातीचे. गेल्या वर्षी त्यांनी लहान घरात बिऱ्हाड हलवायचे ठरवले, तेव्हा दोन जोड्यांपैकी एक विकणे भाग पडले. कोणती, हे ठरवायला त्यांनी मला बोलावले.

एक जोडी एलएस३/५ए. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात ध्वनिक्षेपणाच्या गाडीतल्या अडचणीच्या जागेसाठी तिची रचना केली. उंची जेमतेम फूटभर. दुसरी क्वाडची, १९५७ साली बाजारात आलेली. तिला पेटी नाहीच! दोन सच्छिद्र फळ्यांमध्ये ताणलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा विद्युतभाराने थरथरतो. आवाज पुढे जातो तसाच मागेही जातो. दिसायला मात्र अगदी खोली तापवायच्या हीटरसारखी.

मामींच्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण मामांनी पूर्वीच केले होते, आणि मूळ तंबोरा त्याच खोलीच्या कोपऱ्यात उभा. याहून चांगली कसोटी कोणती? आवाज किंचित मोठा असला की तोच कानाला बरा वाटतो, म्हणून दोन्हींची पातळी मोजून सारखी केली. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवून दिले होते की स्पीकर डोळ्यांना दिसत असले की श्रोत्याचे मत बदलते. तेव्हा आम्ही डोळ्यांवर पंचे बांधले आणि वायरी मामींच्या हाती दिल्या. त्यांना हा सारा पोरखेळ वाटत होता, हे सांगायला नकोच.

एका जोडीवर जवारीचा प्रत्येक पदर सुटा झाला. षड्जातून गंधार उमलताना ऐकू आला, आणि आवाज नेमका कोठून येतो तेच कळेना. ती क्वाड. तबल्याच्या बायाचा घुमारा मात्र तिच्यावर पातळ. लहान जोडीत खरा खर्ज फारसा नाहीच. पण त्याच्या थोडे वर आवाजाला उठाव आहे, त्यामुळे खर्ज असल्याचा भास होतो. गळा तिच्यावर अगदी समोर बसून गावे तसा. तरी तंबोऱ्यासाठी माझे मत क्वाडलाच पडले. मामांचेही.

पण क्वाडला मागच्या भिंतीपासून तीन-चार फूट मोकळे लागतात. मामींनी नव्या घराचा नकाशा पुढे केला.

"मग माझा तंबोरा कुठे ठेवू?"

मामा बराच वेळ बोलले नाहीत. दिवाळीपूर्वी क्वाड गेली.