एका लोखंडी आधाराची कथा

लेखाचे शीर्षक वाचून काही वाचकबंधुभगिनींस नवल वाटेल. संस्थेच्या स्मरणिकेत सणांविषयी, संतांविषयी, पूर्वजांच्या प्रवासाविषयी लिहावे. एका जुन्या मालमोटारीच्या इंजिनावरील मोडक्या तुकड्याने येथे जागा का अडवावी, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु आपण सारी ऊस तोडणाऱ्यांची आणि ऊस वाहणाऱ्यांची लेकरे आहोत. १८३४ साली मॉरिशसमध्ये कराराने बांधलेले मजूर आणण्याची प्रथा सुरू झाली. पुढे रत्नागिरीकडील जी माणसे मुंबईच्या बंदरातून निघून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली, त्यांच्या डोक्यावरचा भार आधी बैलगाडीवर आणि मग मालमोटारीवर गेला. ज्या गाडीला आपण घरीदारी ‘कामियों’ म्हणतो, ती आपल्या कुटुंबकथेतील एक पात्रच होय. तिच्याविषयी चार शब्द लिहिल्यास ते विषयांतर ठरू नये.

प्रथम विषय थोडा स्पष्ट करणे इष्ट होय. मालाने भरलेल्या मोटारीची पुढील चाके जागच्या जागी वळविणे हे मोठ्या बळाचे काम आहे. जुन्या गाड्यांचे स्टेअरिंगचे चाक म्हणूनच मोठ्या घेराचे असे, आणि ते फिरविणाऱ्याचे दंडही तसेच असत. हे कष्ट इंजिनाकडूनच करून घ्यावेत या विचाराने फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने तेलाच्या दाबावर चालणारी योजना सिद्ध केली आणि १९२६ मध्ये ती एका मोटारीवर चालवून दाखविली. दुसऱ्या महायुद्धात जड लष्करी वाहनांवर तिचा उपयोग झाला; सामान्य ग्राहकाला विकत मिळणाऱ्या मोटारीत ती आली ती १९५१ मध्ये. आपण तिला ‘पॉवर स्टेअरिंग’ म्हणतो. इंजिनाच्या पुढील कप्पीवरून एक पट्टा निघतो, तो एका लहानशा पंपास फिरवितो, पंप तेलाला दाब देतो, आणि ते तेल स्टेअरिंगच्या पेटीत जाऊन चालकाच्या हाताला साह्य करते.

हा पंप इंजिनाच्या अंगाला ज्या तुकड्याने धरून ठेवलेला असतो, त्यास ब्रॅकेट म्हणतात. तो फिरत नाही, दाब देत नाही, आवाज करीत नाही. पट्टा एका बाजूने ओढतो, इंजिन खालून हादरे देते, आणि या दोहोंच्या मध्ये पंपास रेसभरही हलू न देणे एवढेच त्याचे कर्तव्य. जो काही करीत नाही असे वाटते, त्याच्यावाचून बाकी सर्वांचे करणे व्यर्थ जाते.

माझे मामा वाक्वाजवळ हेन्रिएटाच्या बाजूस राहतात. थोडी उसाची जमीन आणि तीस वर्षांहून जुनी एक मालमोटार, एवढा त्यांचा पसारा. मुलगा विलायतेत नोकरीस आहे. मुलगी आपल्या घरी सुखी आहे. २०१९ साली मामांचे वय एकाहत्तर होते. त्या वयातही ते स्वतःच गाडी हाकीत, आणि ते शक्य होते केवळ त्या तेलाच्या दाबामुळे. आसपासच्या किती लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला हे आपण सारे जाणतो. मळे ओस पडून त्यांत रान माजलेले आपण रोज पाहतो. मामांनी मात्र सोडला नव्हता.

त्या वर्षी ऑगस्टअखेर, गणेशचतुर्थीस आठवडाभर अवकाश असताना, उसाने भरलेली गाडी घेऊन मामा पठारावरून उतरत होते. मी शेजारी बसलो होतो. एका वळणावर इंजिनाकडून खाडकन आवाज झाला, पट्टा फडफडून निसटला, आणि स्टेअरिंग एकाएकी दगडासारखे जड झाले. अशा वेळी चाकांचा ताबा नाहीसा होत नाही, कारण स्टेअरिंगचा लोखंडी जोड कायम असतो. केवळ साह्य जाते. मामांनी गाडी खालच्या गियरमध्ये टाकली, दोन्ही हातांनी चाक ओढून गाडी कडेला घेतली आणि थांबविली. त्यानंतर कितीतरी वेळ त्यांचे हात थरथरत होते. टोपण उघडून पाहतो तो ब्रॅकेट दुभंगलेले, आणि पंप आपल्याच तेलाच्या नळ्यांना लोंबकळत असलेला. नळ्या तुटल्या नव्हत्या हे भाग्य म्हणावयाचे. तापलेल्या धुराड्यावर ते तेल सांडले असते तर पेट घेण्यास वेळ लागला नसता.

तोडलेला ऊस वाट पाहत नाही. तुटल्या क्षणापासून त्यातील साखर कमी होऊ लागते, आणि उसाचे मोल साखरेवर ठरते. शेजारच्या मळ्यांवरील माणसे धावून आली. त्यांत मराठी होते, भोजपुरी बोलणारे होते, तमिळ आणि क्रेओलही होते. सर्वांनी मिळून मोळ्या एका भाड्याच्या गाडीत चढविल्या. ऊस कारखान्यावर पोहोचला. पण मामांचे मन तेथेच रस्त्याच्या कडेला राहिले. रात्री जेवताना ते म्हणाले, “आता पुरे झाले. गाडी भंगारात घालतो, आणि जमीनही सोडून देतो. कोणासाठी करायचे?” मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी ताटात भात वाढला, आणि तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. तो क्रेओल तरुण आहे आणि मामांना ‘तोंतों’ म्हणतो. मामांनी मोडलेले दोन्ही भाग त्याच्यापुढे ठेवले. “वेल्डिंग करून दे. हंगाम संपेपर्यंत चालले म्हणजे झाले. पुढचे पुढे पाहू.” त्याने एक भाग फडक्याने पुसला आणि उजेडाकडे धरला. “तोंतों, हे बीड आहे. तुम्ही म्हणाल तर आज संध्याकाळी जोडून देतो. पण ते पुन्हा मोडेल, आणि त्या वेळी तुम्ही उतारावर असाल.”

त्याचे म्हणणे यथार्थ होते. बिडाचे वेल्डिंग अशक्य नाही. परंतु तो तुकडा आधी सर्वांगी सावकाश तापवावा लागतो, निकेलची कांडी वापरावी लागते, आणि मग राखेत वा कोरड्या वाळूत पुरून अतिशय मंद गतीने निववावा लागतो. घाईने झाळले तर सांध्यालगतच नवी भेग पडते. ज्या तुकड्याने रात्रंदिवस हादरे सोसावयाचे, त्याच्या बाबतीत असा जोड विश्वासार्ह नव्हे.

नंतर त्याने मला जे दाखविले ते मी विसरू शकत नाही. तुटलेल्या पृष्ठभागाचे दोन रंग होते. निम्म्याहून अधिक भाग काळपट, गंजलेला व गुळगुळीत होता; उरलेली अरुंद कड मात्र दाणेदार आणि चकचकीत होती. तो म्हणाला, “चकचकीत आहे ते काल मोडले. काळे आहे ते कितीतरी महिन्यांपूर्वी.” म्हणजे ब्रॅकेट त्या वळणावर मोडले नव्हते, त्या वळणावर त्याचे मोडणे पूर्ण झाले होते. वंगणाच्या व धुळीच्या थराखाली भेग मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती, आणि उरलेली अरुंद कड सारा भार वाहत होती.

तिने सूचना दिल्या नव्हत्या असेही नाही. पट्टा सकाळी किंचाळे; त्याच्या कडा झिजून काळी भुकटी पडे. मामा प्रत्येक वेळी पट्टा थोडा अधिक ताणीत, आणि आवाज काही दिवस बंद होई. त्या ताणाने ब्रॅकेटवरील ओढ मात्र वाढत गेली. मूळ दोष आणखी खोल निघाला. तीन बोल्टांपैकी एक पूर्वी केव्हातरी कोणीतरी आखूड बसविला होता. बिडात बोल्ट आपल्या व्यासाच्या सुमारे दीडपट खोल गेला पाहिजे. हा दोन-तीन आट्यांवरच टिकून होता. तो सैल झाला, पंप तिरपा झाला, कप्प्या एका रेषेत राहिल्या नाहीत, आणि एकाचा भार दोघांवर पडला. केवळ तुकडा बदलला असता आणि बोल्ट तोच ठेवला असता, तर नवा तुकडाही त्याच वाटेने गेला असता.

नवे ब्रॅकेट परदेशातून येण्यास कित्येक आठवडे लागले असते. भंगारखान्यात मिळणारे याच वयाचे, कदाचित याच भेगेचे असते. म्हणून मिस्त्रीने जुन्या दोन्ही भागांवरून पुठ्ठ्याचा नमुना काढला आणि दहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीतून नवे ब्रॅकेट घडविले. पोलाद बिडासारखे ठिसूळ नसते, आणि त्याचा सांधाही खात्रीने जुळतो. कोपऱ्यात त्याने एक तिकोनी टेकू जोडला.

बसविण्याचे काम पाहण्यासारखे होते, कारण त्यात घाई कोठेच नव्हती. बॅटरीची तार आधी सोडली. पंप तारेने वर बांधून ठेवला, म्हणजे नळ्यांवर वजन येणार नाही. इंजिनावरील बैठक खरवडून स्वच्छ केली. तेथे रंगाचा वा गंजाचा पापुद्रा राहिला तर बोल्ट पुढे सैल होतो. तिन्ही भोकांचे आटे टॅप फिरवून साफ केले. मग योग्य लांबीचे तीन नवे बोल्ट प्रथम बोटांनीच फिरवून बसविले. एकही घट्ट केला नाही. सर्व जागेवर आले असे पाहून पान्याने पाळीपाळीने थोडे थोडे आवळले. दोन्ही कप्प्यांवर सरळ पट्टी धरून त्या एका रेषेत आहेत याची खात्री केली. जेथे किंचित फरक होता तेथे पातळ वॉशर घातला. पट्टा अंगठ्याने दाबल्यास सुमारे अर्धा इंच लवावा एवढाच ताणला. शेवटी तेल भरले, पुढील चाके जमिनीवरून उचलली, आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा सावकाश फिरविले. नळ्यांत अडकलेली हवा अशीच निघते. ती राहिली तर तेलास फेस येतो आणि पंप कण्हू लागतो. इंजिन सुरू केल्यावर त्याने मामांना सांगितले, “तोंतों, आठ दिवसांनी मला पुन्हा बोलवा. बोल्ट एकदा पाहावे लागतील. आणि पट्टा किंचाळला तर तो ताणू नका. का किंचाळतो ते आधी पाहा.”

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मामा उसाची खेप घेऊन गेले, आणि विसर्जनाच्या दिवशी त्याच गाडीतून वाडीतील गणपती निघाले. गाडी भंगारात घालण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. तो हंगाम मामांनी पुरा केला. नंतरही त्यांनी जमीन सोडली नाही. मात्र स्टेअरिंगवर आता माझा भाचा बसतो, आणि मामा शेजारी बसून पट्ट्याचा आवाज ऐकतात.

मी या प्रसंगाचा विचार करतो तेव्हा मनात येते की, आपल्या समाजातही अशा न फिरणाऱ्या आधारांची वाण कधी नव्हती. सायंकाळच्या बैठकांत मुलांना अक्षरे गिरवून देणारे, लग्नाकार्यात जुनी गाणी पाठ म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया, सभेच्या आधी खुर्च्या मांडून नंतर त्या उचलणारे. यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापली जात नाहीत. त्यांच्यातील एक सैल झाला की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि आपण बहुधा त्या उरलेल्यांनाच अधिक ताणतो. घरातील मराठी एके दिवशी एकाएकी बंद पडत नाही. बंद पडल्याचे ध्यानी येते त्या दिवशी चकचकीत कड तेवढी दिसते. काळा भाग कितीतरी आधीचा असतो.

परंतु उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून एका साध्या विनंतीने हा लेख पुरा करतो. ज्यांच्या दारी जुनी मालमोटार आहे, त्यांनी पुढील हंगामास आरंभ होण्यापूर्वी इंजिन पूर्ण निवू द्यावे, पंपाजवळचे वंगण फडक्याने पुसावे, आणि विजेरीच्या उजेडात ब्रॅकेटचे कोपरे व बोल्ट नीट पाहावेत. या कामास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही.