कलमाखालचा फुटवा

सहलीच्या बसने बेंगळुरूच्या लालबागेसाठी दीड तास दिला होता. पुण्याहून आलेल्या निवृत्त गृहस्थांनी तेवढ्या वेळात काय काय पाहावयाचे, याची यादीच कागदावर करून आणली होती. १८८९ साली पायाभरणी झालेले काचघर, सुमारे तीनशे कोटी वर्षांचा खडक आणि त्यावरचा केंपेगौडांचा बुरूज, बोन्साय, गुलाब. प्रवासात वेळापत्रक हवेच. पण बागांना ते ठाऊक नसते.

लालबाग सुमारे २४० एकरांची आहे. हैदरअलीने १७६० साली तिचा आरंभ केला आणि टिपूने दूरदेशींची रोपे आणवून ती वाढवली. १९०८ साली गुस्ताव्ह हर्मन क्रुम्बिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ येथे आला, तोही बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या बागा सांभाळून. १९५६ साली बेंगळुरातच त्याने देह ठेवला. ऋतू कोणताही असो, शहरात कुठले ना कुठले झाड फुललेले असावे, अशी त्याची दृष्टी होती. इतके परके येथे रुजले, की मूळचे कोण, हे विचारण्यात अर्थ उरत नाही.

बोन्सायपाशी बाई रेंगाळल्या. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान त्यांच्या नित्य फिरण्यातले. ओकायामा येथील तीनशे वर्षांपूर्वीच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते उभारलेले आहे. तेथील पाणी, दगड आणि राखलेली हिरवळ त्यांना आवडे. बुटक्या वृक्षांकडे पाहत त्या म्हणाल्या, "अहो, एवढंसं झाड राखायला किती वेळा कापावं लागत असेल!"

गृहस्थ काही बोलले नाहीत. कापण्याचा विषय त्यांच्या घरात नाजूक होता. जुना वाडा पाडला गेला, तेव्हा आईने लावलेला लाल गुलाब त्यांनी कुंडीतून सदनिकेच्या गच्चीत आणला. त्यावर त्यांनी कधी कात्री चालवू दिली नाही. झाड माजले, फूल मात्र कित्येक वर्षांत आले नाही.

गुलाबांच्या ताटव्यात एक माळी छाटणी करीत होता. बाहेरच्या बाजूस तोंड असलेला डोळा पाहायचा, त्याच्या किंचित वर तिरपा काप द्यायचा. जिवंत फांद्या भराभर खाली पडत होत्या. गृहस्थांनी मान फिरवली. बाईंनी मात्र मोबाइलमधले आपल्या गुलाबाचे छायाचित्र माळ्यापुढे धरले.

त्याने ते मोठे करून पाहिले. मग बोटांनी एका पानाच्या पर्णिका मोजल्या आणि शेजारच्या फुललेल्या झाडाच्याही मोजल्या. येथे पाच, तेथे सात. कुठे कुठे नऊ. मोडक्या हिंदीत त्याने सांगितले, "ऊपर का मर गया. ये नीचे का है."

गुलाबाचे कलम बहुधा रानगुलाबाच्या खोडावर डोळा भरून करतात. त्याखालून आलेला फुटवा वेळीच काढला नाही, तर तो वरच्या जातीचे सारे पोषण ओढून घेतो. या कामी ठिकठिकाणी वापरला जाणारा एक रानगुलाब मूळचा जपान, चीन आणि कोरियाचा.

म्हणजे गृहस्थ इतकी वर्षे ज्याला पाणी घालत आले, तो आईचा गुलाब नव्हताच. ते कठड्यावर बसले. काचघर, बुरूज, सारेच राहून गेले.

"पण आईंनी खत घातलं ते याच मुळांना ना?" बाई हलकेच म्हणाल्या.

माळ्याने पुढे सांगितले, त्याच खोडावर नवा डोळा भरता येईल. लाल, पिवळा, हवा तो. तसेच ठेवले, तर एखाद्या वर्षी बारीक पांढऱ्या फुलांचे घोसही येतील. घोस दाखवताना त्याने पाचही बोटे एकत्र केली.

बसचा भोंगा वाजला. उठताना गृहस्थ म्हणाले, "यंदा डोळा नको भरायला. आधी त्याचं स्वतःचं फूल पाहू. आणि वाळक्या फांद्या तू काढ. माझ्याने होणार नाही."